ताडसावळीला प्लांट आला

“कुंदा, तुझी ती जाडजूड डिक्शनरी काढ आणि प्लांट म्हणजे काय ते वाच बघू,” नानासाहेब काळेल आमच्या ओसरीवर बैठक मारत म्हणाले. “मोठ्यानं वाच. तुझ्या आत्यालाबी कळू दे.”

नानासाहेब आमच्या भागातले पुढारी. होते पंचायत समितीचे उपसभापती, पण चालायचे सभापतींसारखे आणि बोलायचे आमदारांसारखे. त्यांच्या खटपटीनं ताडसावळीत प्लांटचं भूमिपूजन ठरलं होतं. मुंबईहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यासाठी इंग्रजीत स्वागताचं भाषण लिहून हवं होतं, शिवाय ते बोलतील त्याचं भाषांतरही. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली गावात मी एकटीच. मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. शब्द अडला तर माणसाला विचारावं लागायचं, नाहीतर पुस्तकाला.

मी डिक्शनरी उघडली. “पहिला अर्थ, झाड. रोप. वनस्पती.”

“त्यो शाळंतल्या पोरांसाठी. फुडचा?”

“कारखाना. यंत्रसामग्री.”

“आला का!” नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “ऐकलंत का आक्का? छापलेलं हाय!”

दारात उभ्या असलेल्या आत्यानं पदर सावरला आणि छापलेल्या अक्षरांना मनोमन हात जोडले.

“अजून आहेत,” मी म्हटलं. “एखाद्याच्या घरात खोटा पुरावा नेऊन पेरणं.”

“त्ये पोलिसांचं.”

“सभेत आपलाच माणूस आधी पेरून ठेवणं. त्या माणसालाही प्लांटच म्हणतात.”

“मंजी आपला दादू!” नानासाहेब खूश झाले. “बघा, साहेब लोकांकडंबी ही सोय हुतीच.”

दादू त्यांच्या मागे उभा होता. प्रत्येक सभेत मागच्या रांगेत बसायचं आणि खूण झाली की एकदम भरून आल्यासारखं उठून घोषणा द्यायची, एवढंच त्याचं काम. आपल्या कामाला इंग्रजीत नाव आहे हे कळल्यावर तो लाजला.

“शब्द मूळचा लॅटिन,” मी वाचत राहिले. “प्लांटा. रोपाची फांदी असाही अर्थ होतो, आणि तळपाय असाही. फांदी जमिनीत खोचायची आणि तळपायानं माती दाबून बसवायची, त्यावरून आला असावा म्हणतात.”

“पाय रोवायचे!” नानासाहेबांनी दादूकडे बघितलं. “ध्यानात ठेव रं. भाषणात घालू.”

मी पुस्तक मिटलं. “पण नानासाहेब, पाहुण्यांनी नक्की कुठल्या अर्थानं प्लांट म्हटलंय?”

“त्यात काय इचारायचं? पुण्यात हॉटेलात भेटलो. मी सरळ बोललो, सर, अवर व्हिलेज, वन प्लांट. त्ये हसले. म्हणले, वन? फिफ्टी थाउजंड! आता पन्नास हजार कारखाने कुणी देतं का? मंजी पन्नास हजार टनांचाच की.”

“पन्नास हजार झाडं देतं ना कुणी कुणी,” मी म्हणाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. नानासाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं देवळात शिंकणाऱ्याकडे बघावं.

“कुंदे,” आत्या म्हणाली, “चहा टाक.”

चहा टाकण्यापलीकडे माझ्या बोलण्याला घरात फारसं वजन नव्हतं, त्याला कारण होतं. मी पंचवीस उलटलेली. तीन स्थळं येऊन गेलेली. आई मी लहान असतानाच गेली, आणि विधवा आत्यानं मला वाढवलं. आत्याचा नवरा शेतकरी होता आणि जन्मभर आभाळाकडे बघून गेला. म्हणून तिचा एकच हट्ट होता. मुलगा काळा असो, बुटका असो, पण महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा हवा. आमच्या गावाच्या नावात ताड आहे आणि जवळजवळ सावलीही आहे. प्रत्यक्षात दोन्ही नव्हतं. पगार तर त्याहून दुर्मिळ.

चौथं स्थळ अंकुश विरकरचं. शेजारच्या वाडीतला. आय.टी.आय.चा फिटर, पण नोकरी नाही. लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. आत्यानं आधी दारातूनच परत पाठवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात नानासाहेबांनी जाहीर केलं की अंकुश विरकर प्लांटमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर होणार. मग मात्र कांदेपोहे झाले.

त्या दिवशी अंकुश आमच्या पाहुण्यांच्या खोलीत बसला, पोहे खाल्ले आणि सारखा वर बघत राहिला. मला वाटलं, मी आवडले नाही. त्यानं अण्णांना विचारलं, “पंख्याला तेल कधी घातलं होतं?” मग खुर्चीवर चढला, खिशातून पाना काढला आणि वर्षानुवर्षं कण्हणारा आमचा पंखा गप्प केला. आम्हाला दोघांना बोलायला कुणी दिलं नाही. पण त्या रात्री पंखा न कण्हता फिरत होता, आणि मी बराच वेळ तो ऐकत पडले होते.

साखरपुडा भूमिपूजनाच्याच मांडवात करायचं नानासाहेबांनी ठरवलं. मांडव एकच, मंडळी तीच, जेवणही तेच. शिवाय पाहुण्यांच्या समोर जावयाची नेमणूक जाहीर होणार. आत्याला आभाळ ठेंगणं झालं.

गावाचं तर विचारूच नका. प्लांट अजून यायचा होता, पण प्लांटमुळे येणारं सगळं येऊन बसलं होतं. फाट्यावर ‘प्लांट टी हाउस’ निघालं. माळाच्या कडेच्या खडकाळ जमिनीचे भाव चढले. महिलांनी कामगारांसाठी खानावळ काढायची म्हणून मोठी पातेली आणली. पाचसात पोरांनी साताऱ्याहून पिवळी हेल्मेटं आणली आणि ती घालून पारावर बसू लागली. नोकरीची सवय व्हावी म्हणून. एक जण हिंदी शिकायला लागला होता, कारण फोरमन बाहेरचाच असतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

मी आत्याला चुलीपुढे पुन्हा सांगून पाहिलं. “आत्या, झाडं निघाली तर?”

“अशुभ बोलू नगं,” ती म्हणाली.

अण्णांनाही सांगितलं, आदल्या संध्याकाळी. अण्णा एस.टी.त कंट्रोलर होते. आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारून निवृत्त झाल्यावर त्यांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. “अण्णा, तो माणूस झाडं वाटणारा आहे, मला खात्री आहे,” मी म्हटलं. ते “हूं” म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

भूमिपूजनाच्या सकाळी माळावर अख्खं गाव लोटलं. मांडवापुढे पायाचा खड्डा खणून ठेवला होता. पन्नास हजार टन पेलायचे म्हणून तो दोन पुरुष खोल होता, आणि उतरायला शिडी लावली होती. जीपमधून पाहुणे उतरले. सोहराब सेठना, मुंबईच्या कुठल्याशा ट्रस्टचे विश्वस्त. उंच, म्हातारे, डोक्यावर पांढरी टोपी. मागे तीन ट्रक, ताडपत्रीनं झाकलेले. ट्रक बघून हेल्मेटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सेठना आधी खड्ड्यापाशी गेले. वाकून बघितलं. मग मला इंग्रजीत विचारलं, “हे कुठल्या झाडासाठी?”



“काय म्हणत्यात?” नानासाहेबांनी विचारलं.

“खड्डा खोल आहे म्हणतात.”

“सांग, आमी कामात कसर ठिवत न्हाई.”

मग सेठनांचं भाषण झालं. इंग्रजीत. दादूला सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांच्या तोंडून ‘प्लांट’ शब्द आला की उठायचं. इंग्रजीतला तेवढा एकच शब्द त्याला ओळखू यायचा, आणि सेठना तर दुसरं काही बोलतच नव्हते. प्लांटविना गाव म्हणजे भविष्याविना गाव, असं ते म्हणाले, आणि दादू मागच्या रांगेतून उसळला, “नानासाहेब आगे बढो!” सेठना हसले. प्लांट हे लेकरासारखं सांभाळावं लागतं, असं म्हणाले, दादू पुन्हा उठला. एका प्लांटनं सुरुवात होते, मग दुसरं प्लांट, मग तिसरं प्लांट… दादू उठाबशा काढल्यासारखा उठत बसत राहिला, आणि त्याच्या मागोमाग गावही ओरडू लागलं. झाडांवर इतकं प्रेम करणारं गाव मी आयुष्यात पाहिलं नाही, असं म्हणून त्यांनी रुमाल काढला.

“आता भाषांतर,” नानासाहेबांनी मला पुढे केलं आणि कानाशी कुजबुजले, “जरा सांभाळून हां. शब्दाला धा अर्थ असत्यात. आपल्याला पायजे त्यो घ्यायचा.”

मी माइकपुढे उभी राहिले. साखरपुड्याची अंजिरी साडी, हातात हिरव्या बांगड्या. समोर पहिल्या रांगेत अंकुश बसला होता, कुणाचा तरी कोट घालून. त्याच्या शेजारी त्याची आई. अलीकडे आत्या, मांडीवर साखरेच्या पुड्याचं ताट. मी झाड म्हटलं तर ते ताट उठणार होतं. कारखाना म्हटलं तर आणखी दहा मिनिटं, ताडपत्री निघेपर्यंत, सगळं सुखात चालणार होतं. तेवढ्यात अंगठीही बोटात गेली असती.

“पाहुणे म्हणतात,” मी म्हटलं, “ते आपल्या गावाला पन्नास हजार रोपं देणार आहेत. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ. झाडांची रोपं.”

दादू अर्धा उठला होता. शब्द ओळखीचा न वाटल्यानं तो पुन्हा बसला.

“आनी कारखाना?” कुणीतरी विचारलं.

“कारखान्याबद्दल पाहुणे काही बोललेले नाहीत.”

हेल्मेटवाल्या पोरांनी धावत जाऊन ताडपत्री ओढली. काळ्या पिशव्यांतून हिरवी पानं डुलत होती. तिन्ही ट्रक. बाजूच्या उतारावर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या; साऱ्या माळावर मनापासून आनंद झालेल्या त्याच तेवढ्या.

मग गलका सुरू झाला. पातेलीवाल्या बायका ओरडू लागल्या, जमीन घेतलेले लोक स्टेजकडे सरकू लागले. दुसरा कुणी असता तर मागच्या मागे पळाला असता. नानासाहेबांनी माइक हातात घेतला.

“गप ऱ्हावा! मला एक सांगा. मी आजवर एका तरी सभेत ‘कारखाना’ म्हणलो का? देवाशपथ सांगा. मी काय म्हणलो?”

लोक आठवू लागले. “प्लांट,” एक जण नाइलाजानं म्हणाला.

“नानासाहेब आगे बढो!” दादू उसळला.

“प्लांट! आनी प्लांट मंजी काय? त्ये लॅटिन हाय! लॅटिनमधी प्लांटा मंजी तळपाय! ह्या मातीत पाय रोवून उभं ऱ्हायचं, त्याला प्लांट म्हणत्यात! कारखान्याचा धूर मागतो त्यो गावाचा दुष्मन! मी तुमास्नी सावली आणली, सावली!”

गाव चक्रावलं. आपण फसलो की आपलंच चुकलं हे ठरवता येईना, तेव्हा लोक एकमेकांशीच भांडू लागले, आणि नानासाहेबांनी माइक पुन्हा दांडीला अडकवून घाम पुसला.

आत्या मात्र लॅटिनला भुलणारी नव्हती. ताट घेऊन उठली. “चल अण्णा. झाडाला पाणी घालायच्या नोकरीवर मी पोरगी देत न्हाई.”

“आमी तरी कुठं पाया पडतोय?” अंकुशची आई म्हणाली.

अंकुश उठला आणि सरळ स्टेजवर माझ्यापाशी आला. त्यापूर्वी आमच्यात एक शब्द झाला नव्हता.

“खरं सांगितलंत ते बरं केलंत,” तो म्हणाला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. “तुम्हाला माहीत होतं?”

“खड्डा माझ्याच देखरेखीखाली खणला. माळावर ना वीज, ना पाणी, ना धड रस्ता. कारखाना काय वाऱ्यावर चालणार होता?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुमच्या आत्यांनी दारात उभं केलं असतं का?”

“म्हणजे फसवून लग्न करणार होता!”

“मी कुठं म्हणालो मला नोकरी आहे? नानासाहेब म्हणाले.”

“वा! चांगल्या तालमीत तयार झालात!”

“आणि तुम्ही? तुम्ही तर बी.ए. ना? तुम्ही का गप्प बसलात?”

“मी गप्प?” माझा आवाज चढला. “मी ओसरीवर सांगितलं, चुलीपुढं सांगितलं, काल अण्णांना सांगितलं! माझं कुणी ऐकलं?”

“मग माझं कोण ऐकणार होतं?”

“मी ऐकलं असतं!”

समोरच्या टेकडीवरून माझाच आवाज परत आला, ‘ऐकलं असतं…’. बॅटरीवरचा माइक चालू होता. खाली गावातली भांडणं थांबली होती. हेल्मेटं, पातेली, नानासाहेब, सगळे तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होते. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अंकुशनं माइककडे बघितलं. तो बंद कसा करायचा हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. त्यानं केला नाही.

“मग आता ऐका,” तो हळू म्हणाला, आणि तेही चारी कर्ण्यांतून गावभर गेलं. “पगार नाही. मोटारी दुरुस्त करतो. पुण्याकडं कुठं लागतंय का बघणार आहे. लागेलच असं नाही. शेती नाही. घर पत्र्याचं आहे. आता झालं सगळं सांगून.”

“हेच आधी सांगायला काय झालं होतं?”

“परत तेच!” तो वैतागून म्हणाला.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आत्या ताट घेऊन अर्ध्या वाटेवर थांबली होती. ती आमच्याकडे बघत राहिली, मग अंकुशच्या आईकडे वळून म्हणाली, “बघितलंसा का? तीन जागा आल्या न गेल्या, हिनं हूं की चूं केलं न्हाई. मला वाटायचं, पोरगी मुकी हाय का काय. आनी ह्याच्याशी भांडती हाय बघा, धा वरसं संसार केल्यावानी.”

“आमचा तरी कुठं बोलतोय घरात?” अंकुशची आई म्हणाली.

आत्यानं ताट खाली ठेवलं, पण हात ताटावरून काढला नाही. “अण्णा, तू काय म्हणतोस?”

“तिला विचार,” अण्णा म्हणाले.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली.

“मान नगं,” आत्या म्हणाली. “तोंड हाय की तुला. आत्ता तर टेकडीपातुर वराडत हुतीस.”

“हो,” मी म्हटलं. कर्ण्यांनी तेही गावाला कळवलं.

नानासाहेब इतका वेळ एवढ्याचीच वाट बघत असावेत. त्यांनी झेप घेऊन माइक गाठला. “मंडळी! आपल्या प्लांटमुळं जमलेलं ह्ये पयलं लगीन!” दादू उसळला, वाजंत्री वाजू लागली आणि कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लागलं. सेठनांना हा सगळा वृक्षपूजेचाच विधी वाटला. त्यांनी डोळे पुसत आम्हा दोघांच्या हातात जांभळाचं एक रोप दिलं आणि त्या दोन पुरुष खोल खड्ड्याकडे शंकेनं पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. पन्नास हजारांतली बरीचशी रोपं पहिल्या उन्हाळ्यात वाळली, उरलेली शेळ्यांनी नेली. ओढ्याकाठचे पाचपंचवीस कडुनिंब तेवढे तगले. नानासाहेबांना कुठल्याशा संस्थेचा वृक्षमित्र पुरस्कार मिळाला आणि त्या जोरावर ते खरोखरचे सभापती झाले. आम्ही लग्नानंतर भोसरीला आलो. अंकुशला नोकरी लागायला दीड वर्ष लागलं. तोवर माझ्या शिकवण्यांवर घर चाललं. भांडतो अजूनही, माइकशिवाय.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी संध्याकाळचं. मांडव सोडवायला सुरुवात झाली होती. पाहुणे गेले होते, अंकुशकडची मंडळीही गेली होती. अण्णा एकटेच सतरंज्या झटकून घड्या घालत होते. मी दुसरं टोक धरलं.

“अण्णा,” मी म्हटलं, “काल तुम्हाला सांगितलं होतं ना मी? झाडंच असणार म्हणून? ऐकलं असतंत तर एवढा तमाशा झाला नसता.”

अण्णांनी सतरंजीची घडी केली, तिच्यावर हात फिरवून ती सारखी केली.

“ऐकलं होतं,” ते म्हणाले. “ओसरीवर बोललीस तेव्हाच ऐकलं होतं.”

“मग?”

“आक्काला नोकरीवाला हवा होता. पोरगा चांगला होता.” त्यांनी दुसरी सतरंजी उचलली आणि टोक माझ्याकडे दिलं. “मला वाटलं, साखरपुड्यापर्यंत तरी कारखाना टिकेल.”